तळ्यातली भांडखोर मरळ

मासा पाण्यात बुडून मरतो का?

हा प्रश्न मी शाळेत मुलांना विचारीत असे. सगळी पोरं हसत. "गुरुजी, मासा तर पान्यातच राह्यते. थो कसा बुडन?" असं म्हणत. मग मी सांगे, "आपल्या गावच्या तळ्यात असा एक मासा आहे. त्याला पाण्याच्या वर तोंड काढू दिलं नाही, तर तो पाण्यातच गुदमरतो. सांगा त्याचं नाव." मग एखादा भोयांच्या घरचा मुलगा हळूच हात वर करी. "मरळ, गुरुजी."

त्याला ते पुस्तकातून कळलेलं नसे. जाळ्यात अडकून रात्रभर पाण्याखाली राहिलेली मरळ सकाळी मेलेली निघते. उलट ओल्या गवतात गुंडाळून टोपल्यात ठेवलेली मरळ बाजार उठेपर्यंत जिवंत राहते. त्यानं हे दोन्ही आपल्या घरी पाहिलेलं असे.

या मरळीची हकीकत आज सांगायची आहे. ती कुठं राहते, कशी राहते, आणि आपल्या लेकरांसाठी कशी भांडते, ते पाहू.

मरळ तुम्ही पाहिलेली असेल. अंग लांब आणि गोल, माणसाच्या मनगटासारखं. मोठी झाली म्हणजे दंडाएवढी. पाठ काळपट हिरवी, पोट पांढरट, बाजूला काळसर पट्टे. डोकं चपटं असतं आणि त्यावर मोठे मोठे खवले असतात. त्यामुळे समोरून पाहिलं तर सापाचा भास होतो. म्हणून नवखा माणूस तिला हात लावायला भितो. पण ती साप नव्हे, आणि विषारी तर मुळीच नव्हे. तिला बारीक काटे फार कमी असतात. म्हणून लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तिचं मांस खाता येतं. ती बाजारात जिवंत विकता येते, म्हणून तिला भावही चांगला येतो.

शास्त्रज्ञ तिला 'चन्ना स्ट्रायटा' म्हणतात. हे 'स्ट्रायटा' नाव १७९३ साली ब्लॉख नावाच्या एका जर्मन डॉक्टरानं दिलं. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला माणूस. अशी नावं मलाही घोकावी लागली. तुम्ही नाही घोकली तरी चालेल. आपलं 'मरळ' हे नाव पुरेसं आहे. शेजारच्या तेलंगणानं २०१६ साली मरळीला आपल्या राज्याचा मासा ठरवलं. आपल्या नेहमीच्या मरळीहून मोठी अशी एक जात मोठ्या नद्यांच्या डोहात असते. तिच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा एक ठिपका असतो. लहान जातीही आहेत. त्यांची नावं गावागणिक बदलतात.

आता ती राहते कुठं ते पाहा. नदीच्या जोराच्या धारेत तिला बरं वाटत नाही. तिला संथ पाणी हवं. तळ्याचा काठ, नदीचा डोह, नाल्यातलं डबकं, पाणी साचलेली खोलगट जागा, ही तिची घरं. त्यातही जिथं लव्हाळा आहे, पाणकणीस आहे, कमळाची किंवा शिंगाड्याची पानं पसरली आहेत, खाली चिखल आहे, तिथं ती हमखास असते. कमरेइतकं पाणी तिला पुष्कळ झालं. आपण ज्या जागेला 'घाण पाणी' म्हणतो आणि नाक मुरडतो, तीच तिला आवडते. तिथं बेडूक असतात, बारीक मासे असतात, पाणकिडे असतात. ती दबा धरून बसते आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालते. भूक लागली तर आपल्या जातीची लहान पिल्लंसुद्धा गिळते. दुसऱ्याची पिल्लं गिळणारी मरळ स्वतःच्या पिल्लांसाठी मात्र जीव धोक्यात घालते. ते पुढं सांगतोच.

अशा साचलेल्या, कुजक्या पाण्यात दुसरे मासे तडफडतात. रोहू, कतला यांना त्यात दम लागतो. मग मरळीचं कसं भागतं?

माशाला श्वासासाठी कल्ले असतात. पाण्यात विरघळलेली हवा तो कल्ल्यांनी घेतो. पाणी कुजलं, उन्हानं तापलं, की त्यातली हवा कमी होते. मरळीला कल्ले तर आहेतच. पण कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या आत, तिला एक जादा पोकळी असते. त्या पोकळीच्या कातडीला घड्या असतात आणि त्यांत रक्ताच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. मरळ वर येते, तोंडानं हवेचा घोट घेते, आणि तो घोट त्या पोकळीत साठवते. तिथून हवा रक्तात जाते. म्हणजे आपल्या फुप्फुसाचं काम तिथं चालतं म्हणा ना. मोठ्या झालेल्या मरळीचे कल्ले एकटे पुरे पडत नाहीत. तिला वर यावंच लागतं. म्हणूनच ती पाण्याखाली कोंडली गेली तर गुदमरते.

तळ्याच्या काठी शांत बसलात तर हे दिसतं. पाण्यावर 'टुपुक्' असा बारीक आवाज होतो, एक वर्तुळ उठतं आणि विरून जातं. तो मरळीचा श्वास.

आपल्या वऱ्हाडात या गुणाची किंमत फार मोठी आहे. आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो, ते अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. चैत्र-वैशाखात नाले आटतात. पूर्णेच्या लहानसहान उपनद्यांत डोह तेवढे उरतात. गावतळ्याच्या बुडाला चिखल राहतो आणि त्याला भेगा पडू लागतात. बाकीचे मासे मरतात किंवा बगळ्यांच्या पोटात जातात. मरळ मात्र चिखलात शिरते. तिच्या अंगावर बुळबुळीत चिकटा असतो. त्यानं कातडी ओली राहते. कातडी आणि ती डोक्यातली पोकळी ओलसर राहिली, तर मरळ चिखलात कित्येक आठवडे काढू शकते. उन्हाळ्यात तळ्याची माती खणताना खाली जिवंत मासा निघाला, असं जुनी माणसं सांगतात. ती काही थाप नव्हे.

मृगाचा पाऊस पडतो, तळ्यात पाणी येतं, आणि मरळ बाहेर पडते. एवढंच नाही, तर ओल्या जमिनीवरून ती चालते! पाय नसताना चालते म्हणजे अंग वळवीत, परांच्या आधारानं सरपटत जाते. एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जायला तिला ओलं गवत पुरतं. पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर किंवा वावरात मासा सापडला, की लोक म्हणतात, "आभाळातून मासे पडले." आभाळातून नाही पडले. असा मासा बहुतेक वेळा शेजारच्या नाल्यातून आलेला असतो.

आता लेकरांची गोष्ट. इथं मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

१९८२ सालची गोष्ट. मी बाविशीत होतो. दर्यापूर तालुक्यातल्या एका लहान गावी मास्तर म्हणून नवा लागलो होतो. तो मुलूख खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. विहीर खणली तर पाणी खारट लागतं. म्हणून पावसाचं पाणी धरणाऱ्या गावतळ्याला तिथं फार मान. गुरं तिथंच, धुणं तिथंच, आणि संध्याकाळी आम्हा रिकाम्या लोकांची बैठकही तिथंच.

श्रावणातली एक सकाळ होती. शाळेतल्या दोन मुलांनी मला तळ्यावर नेलं. "गुरुजी, थे पाहा लाल." मी पाहिलं. काठाजवळ लव्हाळ्याच्या कडेला पाण्यावर तांबूस-केशरी रंगाचा एक डाग होता, परातीएवढा. डाग हलत होता. मधूनच त्या जागी पाणी असं थरथरे, की जणू तेवढ्याच जागेवर पावसाची सर आली आहे. ती हजारो पिल्लं होती, गव्हाच्या दाण्याहून थोडी मोठी. ती हवेसाठी वर येत होती. आणि त्यांच्या खाली एक काळी सावली फिरत होती.

मुलांनी सांगितलं, "गरीले बेडकी लावा आन् त्या लालातून ओढा." मी तसं केलं. बेडकी त्या डागातून सरकली मात्र, खालून धाडकन् उसळी आली. दोरी ताणली गेली. दीड हात लांबीची मरळ लागली. मला फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी हाव सुटली. पुन्हा गेलो. दुसरी सावली होतीच. तीही लागली.

तिसऱ्या दिवशी गेलो तर लाल डाग फाटला होता. पिल्लं चहूकडे पांगली होती. बारीक मासे त्यांना टिपत होते. एक पाणसाप तोंड वर काढून फिरत होता. खंड्या पुन्हा पुन्हा सूर मारत होता. पाचव्या दिवशी तिथं नुसतं पाणी होतं.

तळ्यावर एक म्हातारे भोई जाळं विणत बसलेले असत. गाव त्यांना आजा म्हणे. त्यांनी मला हाक मारली. "काहून मारले जी गुरुजी त्याईले? थे दोघं लेकरं सांभायून राह्यले होते. आता त्या लेकराईले कोन राखन?"

मी म्हटलं, "आजा, तुम्ही पण तर मासे धरता."

"धरतो न. आमचं पोटच त्याच्यावर हाय. पन लाल पोट्टे असतानी नोका धरू. पोट्टे काये पडले, का मंग धरा. दोन मासोया तुमी खाल्ल्या. तयं रिकामं झालं."

त्या माणसाला अक्षर येत नव्हतं. मी त्या दिवशी त्यांच्यापुढं विद्यार्थी झालो.

पुढं दोन-तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून सगळं पाहिलं. त्यांनी दाखवलं ते, आणि मागाहून पुस्तकांत वाचलं ते, दोन्ही जुळतं. पावसाळ्यात मरळीची जोडी काठाजवळचं गवत तोंडानं तोडून आणि शेपटीनं बाजूला सारून हातभर रुंदीची एक गोल जागा मोकळी करते. तिथं मादी अंडी घालते. अंडी पिवळसर असतात. अंड्यात तेलाचा थेंब असतो, म्हणून ती बुडत नाहीत. पाण्यावर थर धरून तरंगतात. आजूबाजूच्या गवताची भिंत असते म्हणून ती वाऱ्यानं पांगत नाहीत. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात. मग ती लाल होतात आणि थवा करून राहतात. आईबाप त्यांच्या खाली-भोवती फिरत राहतात. काही आठवड्यांनी रंग उतरतो, पिल्लं काळपट होतात, आपापल्या वाटेनं जातात. आईबापांचं कामही तिथं संपतं.

या दिवसांत मरळ कुणाचीही भीड ठेवीत नाही. बेडूक आला, त्याच्यावर धावते. साप आला, त्याच्यावर धावते. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायालाही धडक मारते. माझ्या गरीवरच्या बेडकीवर ती झडपली, ती भुकेनं नव्हे. तिला वाटलं, लेकरांवर वैरी आला. मी तिला तिच्या रागानं धरलं. हे समजल्यावर मला त्या माशाची चव आठवली, आणि बरं वाटलं नाही.

तिच्या लहान भावंडांपैकी एका जातीची रीत याहून नवलाची आहे. डोंगराकडच्या ओढ्यांत वीतभर लांबीची ही जात असते. तिच्यात नर अंडी तोंडात धरतो. पिल्लं निघेपर्यंत त्याचं तोंड हाच पाळणा. तेवढे दिवस त्याला धड खाता येत नाही. बाप लेकरांना सांभाळत नाही, असं म्हणणाऱ्यांना हा मासा दाखवावा.

भांडखोर माशाचं नाव निघालं, म्हणजे मरळीच्या एका दूरच्या भावाबद्दल सांगितलं पाहिजे. तो थायलंड देशातला. त्या देशाला पूर्वी सयाम म्हणत. अमरावती-अकोल्याच्या बाजारात मासे-पोपट विकणाऱ्या दुकानात एकेका बाटलीत किंवा पेल्यात एकेकटा ठेवलेला, लांब झुलत्या परांचा, निळा-लाल मासा तुम्ही पाहिला असेल. दुकानदार त्याला 'फायटर' म्हणतात. तो हाच. शास्त्रज्ञ मरळ आणि हा मासा एकाच मोठ्या कुळात धरतात. त्याच्याही डोक्यात हवा घेण्याची तशीच सोय आहे. म्हणून तर तो एवढ्याशा पेल्यात जगतो.

पण दुकानातला झगमगीत मासा हा माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेला आहे. रानटी मासा असा नसतो. तो बोटाएवढा, मातकट-हिरवट, आखूड परांचा असतो. भाताच्या खाचरांत, उथळ दलदलीत, गवताच्या बुडाशी राहतो. नर तोंडानं हवेचे बुडबुडे करतो, त्यांना आपली लाळ लावतो आणि पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो. अंडी त्या फेसात ठेवतो. मग मादीलाही हाकलतो आणि एकटा पहारा करतो. दुसरा नर जवळ आला, की कल्ल्यांची झाकणं फुगवून आणि पर पसरून त्याच्यासमोर उभा ठाकतो. तिथले लोक त्याला 'प्लाकट' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ साली थायलंडनं त्याला आपल्या देशाचा जलचर म्हणून मान दिला.

तिथं त्याच्या झुंजी लावून पैज मारण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडं कोंबड्यांच्या झुंजी लावतात, तसंच. आपल्या देशात प्राण्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा ठरवलेलं आहे, तरी कुठं कुठं चालतंच. दोन नर एका भांड्यात सोडतात. ते एकमेकांचे पर फाडतात.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. खाचरात दोन नर भेटले, तर भांडण थोड्या वेळात मिटतं. जो हरतो तो गवतात पळून जातो. जिंकणारा त्याच्या मागं फार लागत नाही. त्याला आपल्या घरट्याकडं परतायचं असतं. भांड्यात मात्र पळायला जागाच नाही. म्हणून तिथं भांडण जिवावर जातं. मासा तोच, त्याचा राग तोच. फरक जागेचा आहे.

मरळीचंही असंच आहे. तिचा राग काठावरच्या गवताच्या आधारानं चालतो. शत्रू एका बाजूनं येतो, बाकीच्या बाजूंना लव्हाळ्याची भिंत असते, म्हणून एक-दोन मासे हजारो पिल्लं राखू शकतात. उघड्या पाण्यात चहूकडून शत्रू आले तर ती कितीही शूर असली तरी काय करणार?

आणि आपल्या तळ्यांचा काठच आता कमी होत चालला आहे.

तळ्यातला गाळ काढणं हे चांगलं काम आहे. सरकारनं २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. गाळ वावरात टाकला तर जमीन सुधारते, आणि तळ्यात पाणीही जास्त मावतं. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण जेसीबी आला, की तो तळ्याचा काठ भिंतीसारखा सरळ कापतो. चारही बाजूंनी पाणी एकदम खोल होतं. उथळ जागा राहत नाही, लव्हाळा राहत नाही. मरळ अंडी घालणार कुठं? आमच्या गावी गाळ काढताना मी ग्रामसभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "तीन बाजूंनी खणा. पाणी येतं ती चौथी बाजू उतरती ठेवा, तिथलं गवत ठेवा." दोघे-तिघे हसले. एकानं विचारलं, "गुरुजी, माशासाठी का?" मी म्हटलं, "माशासाठी, आणि तुमच्या गुरांसाठीही. सरळ काठावरून म्हैस पाण्यात उतरणार कशी?" तेव्हा पटलं. माणसाला कारण जवळचं द्यावं लागतं.

प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याची गोष्ट निराळी. त्यात पाणी टिकतं, पिकाला उपयोग होतो. पण त्यात चिखल नाही, गवत नाही, उतार नाही. ती पाण्याची टाकी आहे. तळं नव्हे.

दुसरं म्हणजे विष. कपाशीवर फवारणी झाली, की पंप नाल्यात धुण्याची खोड पुष्कळांना आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. धडधाकट माणूस ज्यानं मरतो, ते पंपाच्या तळाशी उरलेलं औषध डबक्यात पडलं, तर बेडकांचं आणि लाल पिल्लांचं काय होईल, ते सांगायला नको. काही लोक तर मासे धरायलाच पाण्यात विष किंवा ब्लीचिंग पावडर टाकतात. त्यानं पिल्लासकट सगळं मरतं, आणि तेच पाणी गुरं पितात.

मत्स्यपालन करणाऱ्या संस्थांचीही एक बाजू आहे, तीही सांगतो. तळ्यात रोहू-कतल्याचं बी सोडायचं असतं. मरळ ते बी खाते. म्हणून बी सोडण्याआधी मोहाची पेंड टाकून किंवा जाळं फिरवून असे मासे काढून टाकतात. त्यांच्या धंद्याच्या हिशेबानं ते बरोबर आहे. पण गावात एखादं लहान डबकं, नाल्याचा एखादा डोह तसाच ठेवायला हरकत नसावी. तिथं रोहूचं बी कुणी सोडत नाही.

मरळीवर १९८८ पासून एक रोगही आला आहे. त्या साली तो ईशान्येकडच्या राज्यांत दिसला आणि मग देशभर पसरला. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळं अंगावर तांबडे व्रण पडतात. बहुधा थंडीच्या दिवसांत होतो. असे मासे दिसले तर ते दुसऱ्या तळ्यात नेऊन टाकू नका, आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवा. तळ्यात चुना किती टाकायचा, ते खात्याचे लोक सांगतात. 'थाई मांगूर' म्हणून जो मासा विकतात, तोही आपल्या तळ्यात सोडू नका. तो मूळचा आफ्रिकेचा. भारी खादाड. तो पाळायला आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे.

मरळीच्या पिल्लांबद्दल आणखी एक गोष्ट लोक मला नेहमी विचारतात. मृग नक्षत्रावर हैदराबादला दम्याचं औषध देतात. औषध जिवंत पिल्लाच्या तोंडात घालून ते पिल्लू रोग्याला गिळायला लावतात. ते पिल्लू मरळीचंच असतं. आपल्याकडूनही माणसं तिकडं जातात. जाणाऱ्याला मी अडवीत नाही. पण त्या औषधानं दमा बरा होतो, असं शास्त्रानं सिद्ध झालेलं नाही. म्हणून जाणाऱ्यानं डॉक्टरांचं औषध आणि पंप बंद करू नये, एवढं मात्र बजावून सांगतो.

मासे खाऊ नका असं मी म्हणत नाही. भोई आजांनीही तसं म्हटलं नव्हतं. मरळ धरा, विका, खा. फक्त आषाढ-श्रावणात पाण्यावर लाल डाग दिसला, तर त्यातून गरी ओढू नका. पोरांनाही सांगा. समुद्रावरचे कोळीसुद्धा पावसाळ्यात काही आठवडे होड्या किनाऱ्याला लावतात. आपल्याला तर एका तळ्याचा एक कोपरा तेवढे दिवस सोडायचा आहे.

आणि तुम्हांला तो लाल डाग पाहायचा असेल, तर पाऊस उघडलेल्या दिवशी सकाळी जा. ऊन फार चढू देऊ नका. लव्हाळ्याच्या कडेनं बघा. पाण्यात खडा टाकू नका, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. आधी पिल्लं दिसतील. बाप लगेच दिसणार नाही. तो खाली असतो. थोडा वेळ बसा. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं.